कळायच्या आधी दारू घेतली गेली, आता बाळाचं काय?

ताई,
मी २९ वर्षांची. माहेर दांडिया बाजारात, सासर कारेलीबागेत. लग्नाला दोन वर्षं झाली. शेवटची पाळी ५ नोव्हेंबरला आली होती. २८ नोव्हेंबरला नवऱ्याच्या मित्राचं लग्न दमणला होतं. तिथे रात्री मी दोनदा व्होडका घेतली, वर थोडी वाईन. मग पाळी लांबली, पण माझी दोन-तीन दिवस पुढेमागे होतेच, म्हणून मनावर घेतलं नाही. १२ डिसेंबरला इथेच एका मैत्रिणीच्या घरी एक ग्लास बिअर झाली. १९ तारखेला टेस्ट केली तर दोन रेघा! आता नववा आठवडा चालू आहे. सोनोग्राफीत ठोके दिसले, दिवसही पाळीच्या हिशोबाशी जुळतात. डॉक्टरांनी ‘काही व्यसन?’ विचारलं, तेव्हा शेजारी सासूबाई होत्या. त्याच म्हणाल्या, ‘आमच्यात असलं काही नाही.’ मी मान डोलावली. जाऊबाईंना मात्र सांगून बसले. त्या म्हणतात, मूल अधू निघेल, आत्ताच मोकळी हो, परत राहील. नवरा म्हणतो, काही होत नाही. टेस्ट झाल्यापासून रात्री झोप नाही, मोबाइलवर शोधत बसते. सोमवार आणि संकष्टी निर्जळी धरलीय. आपल्याकडे दारूबंदी आहे, डॉक्टरांनी हे फायलीत लिहिलं तर काही प्रकरण होईल का? मी बाळाचं वाटोळं केलं का?
– एक बडोदेकर

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तू कितीतरी रात्री झोपलेली नाहीस. नाही, तू वाटोळं केलेलं नाहीस. तू लिहिली आहेस तेवढ्या दारूमुळे बाळ अधू निघेल असं मानायला आधार नाही. त्या कारणासाठी गर्भ पाडावा असं तर मुळीच नाही. तुझ्या नवऱ्याचं ‘काही होत नाही’ मात्र मी जसंच्या तसं उचलणार नाही, कारण त्याच वाक्याच्या जोरावर पुढच्या लग्नात कुणीतरी तुझ्या हातात पुन्हा ग्लास देईल. इथून पुढे बाळंतपणापर्यंत एक घोटही नको. आणि जे झालं ते डॉक्टरांच्या कानावर गेलंच पाहिजे.

आता तारखा बघू. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे पहिले दोन आठवडे पोटात काही नसतंच. तुझ्या हिशोबाने गर्भ राहिला तो १९ नोव्हेंबरच्या आसपास. दमणची रात्र त्यानंतर नऊ दिवसांनी आली. त्या वेळी तो गर्भ म्हणजे पेशींचा एक बारीकसा पुंजका असतो आणि गर्भाशयाच्या अस्तरात नुकता रुजत असतो. वार तयार झालेली नसते, आईच्या रक्तातलं सगळं त्याच्यापर्यंत पोचेल अशी व्यवस्था अजून बसलेली नसते. या दिवसांत मोठी इजा झालीच तर बहुतेक वेळा गर्भ टिकत नाही, पाळी आल्यासारखं होऊन जातं. टिकला तर बहुधा नीट वाढतो, कारण प्रत्येक पेशीला अजून कशाचंही रूप घेता येतं. ही हमी नाही. दारूच्या बाबतीत शंभर टक्के हमी कुणीही शहाणा डॉक्टर देणार नाही. पण तुझा गर्भ टिकला, ठोके दिसले, वाढ दिवसांप्रमाणे आहे, या तिन्ही गोष्टी तुझ्या बाजूच्या आहेत.

१२ डिसेंबरची बिअर थोडी वेगळी आहे, तीही स्पष्ट सांगते. तेव्हा तुला पाचवा आठवडा उलटून दोन दिवस झाले होते. याच सुमाराला हृदय धडधडायला लागतं आणि मेंदू-मज्जारज्जूची नळी मिटत असते. पाचव्यापासून दहाव्या आठवड्यापर्यंत अवयवांची घडण चालते, म्हणून हा काळ नाजूक. दारू वारेतून बाळापर्यंत जाते आणि ती पचवायला बाळाचं यकृत तयार नसतं. म्हणूनच गरोदरपणात ‘एवढी चालेल’ असं प्रमाण जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही. पण एकदा घेतलेली एक ग्लास बिअर आणि रोजचं पिणं यांत फार अंतर आहे. ज्या नुकसानाची वर्णनं वाचून तू घाबरली आहेस, ते जास्त आणि वारंवार पिण्याशी जोडलेलं आहे.

मोबाइलवर तुला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ सापडलं असणार, म्हणजे आईच्या गरोदरपणातल्या दारूमुळे बाळात राहणारे दोष. पहिल्यांदा ते १९६८ मध्ये फ्रान्समध्ये पॉल लेमोइन यांनी नोंदवलं. मग १९७३ मध्ये अमेरिकेत केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ यांनी त्याचं वर्णन करून हे नाव दिलं. त्यांनी पाहिलेली मुलं दारूच्या पक्क्या व्यसनात असलेल्या आयांची होती, ज्यांचं पिणं गरोदरपणभर चालू होतं. रात्री अडीच वाजता त्या मुलांचे फोटो बघताना ही एक ओळ डोळ्यांखालून निसटते. तुझ्यासारख्या, म्हणजे सुरुवातीच्या आठवड्यांत घेतलेल्या बायकांचाही अभ्यास झाला आहे. आयर्लंड, इंग्लंड, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया इथल्या साडेपाच हजारांहून अधिक पहिलटकरणींची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. पंधराव्या आठवड्याआधी दारू घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांमध्ये अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण, कमी वजनाचं बाळ किंवा वाढलेलं ब्लड प्रेशर यांत फरक दिसला नाही. ही मुलं पुढे शाळेत कशी शिकली हे त्या पाहणीत पाहिलेलं नव्हतं, म्हणून तिला परवानगी समजायचं नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्लाही असाच आहे: कळायच्या आधी थोडी घेतली गेली असेल तर बाळाला धोका कमी असतो, आता बंद करा आणि काळजी वाटत असेल तर डॉक्टरांशी बोला.

‘दोनदा व्होडका’ म्हणजे नेमकी किती, हे तू लिहिलेलं नाहीस. बहुतेक तुलाही माहीत नसेल, कारण ग्लास भरणारा दुसराच असतो. लहान पेग ३० मिलिलिटरचा, मोठा ६० चा. एका लहान पेगात साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. तुझे दोन्ही मोठे असतील तर ते चार लहान पेग झाले, वर वाईन. एका रात्रीसाठी हे थोडं म्हणता येणार नाही, पण ती रात्र एकच होती आणि तीही अगदी सुरुवातीची. बिअरचंही तसंच आहे. स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत चार लहान पेगांइतकं अल्कोहोल असू शकतं, एका ग्लासात साधारण त्याचा तिसरा हिस्सा. नवऱ्याला विचार, ओतलं कुणी आणि किती. ‘काही होत नाही’ म्हणण्यापेक्षा ही माहिती देणं हे त्याचं काम आहे. आणि त्या रात्रीची दारू दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शरीरातून गेलेली होती. ती साठत नाही. ती बाहेर काढायला कुठलाही काढा, एरंडेल, उपास लागत नाही.

आता जाऊबाई. त्यांच्या मनात वाईट असेल असं मला वाटत नाही; आपल्या घरांत भीतीपोटीच असे सल्ले दिले जातात. पण सल्ला चुकीचा आहे. मूल ठेवायचं की नाही हा निर्णय कायद्याने तुझा आहे. सज्ञान बाईच्या गर्भपाताला तिची स्वतःची लेखी संमती लागते, नवऱ्याची किंवा सासरची नाही. तुझ्या संमतीशिवाय कुणी काही करू शकत नाही. तुझ्या पत्रातून मला दिसतं ते असं की हे मूल तुला हवं आहे आणि तू फक्त घाबरली आहेस. कुणी केमिस्टकडून आणलेली गोळी गुपचूप हातात ठेवली तर घेऊ नकोस. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेतलेल्या त्या गोळ्यांनी रक्तस्राव होऊन जिवावर बेततं, आणि तुझ्या त्या दोन वेळच्या दारूपेक्षा तो धोका कितीतरी मोठा आहे.

मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त कुठली गोष्ट खुपली असेल तर ती तपासणीच्या खोलीतली. डॉक्टर प्रश्न तुला विचारतात, उत्तर दुसरं कुणी देतं आणि ते तुझ्या फायलीत चढतं. सासूबाई खोटं बोलल्या नाहीत, त्यांना माहीतच नव्हतं. पण त्या एका मान डोलावण्यामुळे तुझी काळजी करायला बसलेल्या बाईला तुझी खरी हकीकत ठाऊक नाही. आपल्याकडे गरोदर सुनेसोबत घरातलं एक माणूस आत जातंच, आणि ‘तुम्ही बाहेर थांबा’ म्हणणं सुनेला जमत नाही. ते तू म्हणायची गरज नाही. पुढच्या वेळी वजन आणि बी.पी. घ्यायला सिस्टर तुला एकटीला बोलावतील, तेव्हा त्यांना हळूच सांग, ‘डॉक्टरांशी दोन मिनिटं एकटीने बोलायचंय.’ सिस्टरना हे नवीन नसतं. ‘तपासायचं आहे, तुम्ही जरा बाहेर बसा’ असं डॉक्टरच म्हणतात आणि कुणाला काही वावगं वाटत नाही. तेही जमणार नाही असं वाटत असेल तर चिठ्ठी लिहून ने आणि तपासायच्या टेबलावर पडल्यावर त्यांच्या हातात दे. चिठ्ठीत एवढंच:

‘शेवटची पाळी ५ नोव्हेंबर. २८ नोव्हेंबरला रात्री व्होडका दोन पेग, प्रत्येकी अमुक मिलिलिटर, आणि अमुक इतकी वाईन. १२ डिसेंबरला बिअर एक ग्लास. त्यानंतर काही नाही. मध्ये ही-ही औषधं घेतली. घरी माहीत नाही, कृपया त्यांच्यासमोर बोलू नका.’

औषधांची ओळ विसरू नकोस. पाळी लांबली म्हणून, डोकं दुखलं म्हणून, लग्नानंतर सर्दी झाली म्हणून त्या सहा आठवड्यांत जे जे घेतलं असेल ते आठव. कधीकधी डॉक्टरांना दारूपेक्षा त्यातल्याच एखाद्या गोळीबद्दल जास्त विचारायचं असतं.

दारूबंदीची तुझी भीती समजते. गुजरात राज्य १९६० मध्ये झालं तेव्हापासून इथे बंदी आहे, आणि आपण बडोद्याची माणसं हा विषय दबक्या आवाजातच बोलतो. दमणला गुजरातचा कायदा लागू नाही, तो केंद्रशासित प्रदेश. मैत्रिणीच्या घरची गोष्ट इथली असली तरी तू डॉक्टरांना जे सांगशील ती उपचारासाठी दिलेली माहिती आहे. रुग्णाने सांगितलेलं गुपित राखणं हा डॉक्टरांच्या आचारसंहितेचा भाग आहे, २००२ च्या नियमांत तो लिहिलेला आहे, आणि त्याला न्यायालयाच्या आदेशासारखे मोजकेच अपवाद आहेत. पोलिसांपेक्षा तुझी खरी अडचण मला घरातली वाटते: फाईल आणि ममता कार्ड (गरोदरपणाच्या तपासण्यांचं सरकारी कार्ड) कपाटात राहतं आणि कुणीही उघडून वाचतं. म्हणून डॉक्टरांना सांग की ही नोंद दवाखान्याच्या त्यांच्याकडच्या कागदावर ठेवा, माझ्या फायलीत नको. डॉक्टर रागावतील अशी भीती असेल तर त्यावरही उपाय आहे. एकदा रागावल्या तरी ऐकून घे, माहिती पोचली हे महत्त्वाचं. दुसऱ्यांदाही फक्त रागावल्याच तर डॉक्टर बदल. सयाजी रुग्णालयात मेडिकल कॉलेजचा स्त्रीरोग विभाग आहे, तिथे दुसरं मत घेता येतं.

सासूबाईंना सांगायचं का? माझं मत विचारशील तर गरज नाही. तुझ्या उपचारात त्याने काही फरक पडत नाही आणि पुढचे सात महिने घरात तोच विषय चघळला जाईल. उद्या तुला स्वतःहून सांगावंसं वाटलं तर सांग.

उपासांबद्दल मात्र मी कडक बोलणार आहे. निर्जळी आजपासून बंद. नवव्या आठवड्यात आधीच उलट्या होतात, त्यात दिवसभर पाणी नाही म्हणजे शरीर सुकतं, चक्कर येते, लघवीला जळजळ सुरू होते. तू हे प्रायश्चित्त म्हणून करते आहेस हे मला कळतं. देवाला नमस्कार कर, आरती कर, काकडा कर, पण पाणी आणि अन्न सोडू नकोस. फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी डॉक्टरांनी दिली असेलच. ती चुकवू नकोस, उपासाच्या दिवशीही नाही. लोहाची गोळी साधारण चौथ्या महिन्यापासून सुरू होते, डॉक्टर सांगतील तेव्हा.

आणि एक गोष्ट जी घरात कुणी दारूमध्ये मोजत नाही. आयुर्वेदिक आसवं आणि अरिष्टं आंबवून केलेली असतात, त्यांत आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतं, साधारण पाच ते दहा टक्के. बाटलीच्या लेबलवर ते लिहिलेलं असतं. भूक लागत नाही, अशक्तपणा आहे म्हणून कुणी प्रेमाने दोन चमचे अरिष्ट दिलं तर ‘डॉक्टरांना विचारून घेते’ म्हण. खोकल्याच्या औषधाचंही लेबल बघ. घरात कुणी मिश्री लावत असेल आणि उलट्यांवर उपाय म्हणून तुला देत असेल तर तीही नको, ती तंबाखूच आहे. नवऱ्याने सिगारेट घरात ओढू नये, आणि बाळंतपणापर्यंत त्यानेही ग्लास बाजूला ठेवला तर तुला समारंभात नाही म्हणायला सोपं जाईल. हे त्याला माझ्या नावाने वाचून दाखव. तुझ्या पत्रात तसं काही दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या एखादीला थांबायचं ठरवूनही थांबता येत नसेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे, मोफत. रोज जास्त पिणारीने अचानक बंद करण्याआधी डॉक्टरांना भेटायलाच हवं.

रात्रीचा मोबाइल बंद ठेव म्हटलं तर तू ठेवणार नाहीस. निदान नवऱ्याच्या उशाशी ठेवायला दे. झोप अशीच उडालेली राहिली, जेवण जाईना, सारखं रडू येऊ लागलं, तर टेलिमानसला, म्हणजे मनाच्या तक्रारींसाठीच्या सरकारी फोनसेवेला, १४४१६ वर फोन कर. चोवीस तास चालू असतो, मराठीत आणि गुजरातीत बोलता येतं. गरोदरपणातली काळजी डॉक्टरांना सांगण्यासारखी तक्रार आहे, जशी उलट्यांची असते तशीच.

एक अवघड वाक्य लिहिते, कारण ते आत्ता सांगितलेलं बरं. कळलेल्या गर्भधारणांपैकी साधारण दहा ते वीस टक्के आपोआप गळून जातात, आणि सुरुवातीच्या अशा गर्भपातांत जवळपास निम्म्यांचं कारण गुणसूत्रांतली चूक असतं. शंभरांतल्या दोन-तीन बाळांत जन्मतः काही ना काही दोष असतो, ज्यांच्या आयांनी आयुष्यात दारू पाहिलेली नसते त्यांच्या बाळांतही. दुर्दैवाने तुझ्या बाबतीत काही घडलंच तर ते सरळ दमणच्या त्या रात्रीला नेऊन चिकटवू नकोस, आणि कुणाला चिकटवू देऊ नकोस.

पुढच्या तपासण्या तारखांनिशी लिहून ठेव. अकरा ते चौदा आठवड्यांतली एन.टी. सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी) तुझ्यासाठी २१ जानेवारी ते १० फेब्रुवारी या दिवसांत बसते, तिच्यासोबत डबल मार्कर ही गुणसूत्रांतल्या दोषांचा अंदाज देणारी रक्ततपासणी. अवयव नीट पाहायची मोठी सोनोग्राफी अठराव्या ते विसाव्या आठवड्यात, म्हणजे ११ ते २५ मार्च. हृदय, मणका, मेंदूची रचना, ओठ, हातपाय तिच्यात दिसतात. मूल पुढे किती हुशार होईल हे कुठलीच सोनोग्राफी सांगत नाही, कुणाच्याच बाळाचं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात दवाखान्यांत गर्दी असो नसो, अपॉइंटमेंट या आठवड्यातच घे, आणि चिठ्ठी त्याच दिवशी सोबत असू दे. डॉक्टर काय म्हणाल्या ते मला कळव. मार्चच्या सोनोग्राफीनंतरही लिहिलंस तर मला आवडेल.

तुझी,
ताई